इसार देण्याआधी एक रात्र बागेत

ताई, नमस्कार.
मी मोर्शी तालुक्यातला. घरची चार एकर संत्र्याची बाग, बाकी वावरात कपाशी आणि तूर. वय ३६, लग्नाला नऊ वर्षं झाली, एक मुलगी आहे. मला कॅराव्हॅनचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, नाद आहे. मोर्शी, परतवाडा, वरुड, अंजनगाव असे मिळून आम्ही आठ जण आहोत, सगळ्यांना हाच नाद. तीन वर्षांपूर्वी जुन्या ओम्नीची मागची सीट काढून मी वेल्डरकडून पलंग बसवून घेतला. तिच्यात आम्ही दोघं चिखलदऱ्याला जाऊन आलो. त्यानंतर बायको परत आली नाही, मी मित्रांबरोबर जातो. आता दिवाळीनंतर एक कंपनी गाडीमागे ओढायच्या कॅराव्हॅनची नवी मालिका आणते आहे. अजून फक्त कापडाने झाकलेला एक फोटो बाहेर आला आहे. त्यावर आम्ही रोज रात्री बारा-एकपर्यंत फोनवर बोलतो. एजंट म्हणतो, आत्ता ५१ हजार भरा, पहिल्या वीसात नाव लावतो, नंतर किंमत वाढेल. पैसे आहेत, मृग बहाराच्या संत्र्यांचे, पण ते विहिरीवरच्या मोटरसाठी ठेवले होते. ओम्नीलाही गिऱ्हाईक आलं आहे. नव्या गाड्या आल्यावर तिला कोण विचारणार, म्हणून विकून टाकावी वाटते. बाबा म्हणतात, 'आमची सारी जिनगानी बंडीत गेली, तुले आता घरच गाडीले बांधाची काय हौस सुचली?' बायको आठ दिवसांपासून कामापुरतंच बोलते. पैसे भरू का? आणि खरं सांगा, हे वेड बरं की वाईट?
— वाट पाहणारा एक

भाऊ,

तुमचं पत्र चार पानांचं होतं. जागेअभावी वर मोजकंच छापलं आहे. जे छापता आलं नाही त्यातली पावणेदोन पानं त्या झाकलेल्या फोटोची आहेत, आणि मी सगळ्यात आधी तीच पुन्हा वाचली. कापडाच्या खालून एकच चाक दिसतं. परतवाड्याचे मित्र म्हणतात एक्सल एकच आहे, वरुडचे म्हणतात मागे दुसरी सावली आहे, नीट बघा. छताच्या मधोमध कापडाला उंचवटा आला आहे, तो एसी की वर उघडणारी खिडकी, यात तुमच्या दोन रात्री गेल्या. अंजनगावच्या मित्रांनी तर फोटोतलं चाक पट्टीनं मोजलं, खऱ्या चाकाचा व्यास धरला, त्रैराशिक मांडलं आणि लांबी काढली, साडेबारा फूट. ही गोष्ट तुम्ही ज्या आनंदानं लिहिली आहे तो आनंद कागदातून माझ्यापर्यंत आला.

म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. वेड बरं आहे. ते ठेवा.

आपल्याकडे वाट कशाची पाहायची? पावसाची, लाइनची, भावाची, सौद्याची. या दिवसांत आंबिया बहाराच्या संत्र्यांची फळगळ सुरू असते. सकाळी बागेत गेलं की झाडाखाली हिरवी-पिवळी फळं पडलेली दिसतात, ती मोजायचंही मन होत नाही. अशा घरातला छत्तीस वर्षांचा माणूस दिवसाचं काम आटोपून रात्री एखाद्या गोष्टीची वाट निव्वळ आनंदासाठी पाहतो, यात लाजण्यासारखं काही नाही. जगभरात असे लोक आहेत. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला दर वर्षी ऑगस्टच्या शेवटी कॅराव्हॅनचं मोठं प्रदर्शन भरतं, ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमला ऑक्टोबरात. पुढच्या वर्षीची मॉडेलं त्या सुमारास बाहेर येतात आणि तिथलेही लोक आधीचे कित्येक आठवडे पलंग आडवा असेल की उभा, न्हाणीघर मागे असेल की मध्ये, यावर तुमच्यासारखेच बोलत असतात.

आणि हे वेड बाहेरून आलंय असं बाबांना वाटत असेल तर त्यांना बहिरमची आठवण करून द्या. तुमच्या गावाहून बहिरम काही फार लांब नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी डिसेंबरात यात्रा लागते, महिनाभराहून जास्त चालते, आणि माणसं तिथे नुसती दर्शनाला जात नाहीत, राहुट्या ठोकून मुक्कामाला जातात. हंडीत मटण शिजतं, गोवऱ्यांवर रोडगे भाजले जातात, रात्री थंडीत शेकोट्या पेटतात. मी लहानपणी आजोबांच्या बैलबंडीतून गेले आहे. बंडीवर बांबूच्या तट्ट्याची कमान, खाली तणसाचा थर, त्यावर सतरंजी. निघायचं डिसेंबरात, पण आमची वाट पाहणं दिवाळीच्या फराळाबरोबर सुरू व्हायचं. आजोबा राहुटीचं कापड अंगणात उन्हात पसरत आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुडघ्यांवर सरकत भोकं शोधत. सापडलं की तिथे कोळशाची खूण. मग आजी दाभण आणि सुतळी घेऊन बसायची आणि खूण दिसेल तिथे ठिगळ लावायची. बंडीत काय आधी भरायचं, काय शेवटी, हेही तेव्हाच ठरायचं. राहुटीचं तोंड कुठल्या दिशेला करायचं ते मात्र आजोबा नाही, आजी ठरवायची. बायकांच्या आंघोळीचा आडोसा कुठे येईल आणि पहाटे अंधारात किती लांब जावं लागेल, हे तिलाच माहीत असायचं.

हे मी आठवणीत रमण्यासाठी लिहिलेलं नाही. तुमच्या पत्रातल्या दोन्ही अडचणी, पैशाची आणि वहिनींची, मला या अंगणात पसरलेल्या कापडाजवळ सुटताना दिसतात.

आधी पैसे. भरू नका. ५१ हजार नाही आणि ५ हजारही नाही.

तुम्ही बागवान आहात. व्यापारी बागेत येतो तेव्हा काय करतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे. ओळीओळीनं फिरतो, झाड हलवून बघतो, खालच्या फांदीचं फळ हातात घेऊन फिरवतो, साल दाबतो, गळ किती आहे ते जमिनीवर बघतो, मग आकडा बोलतो आणि मग इसार देतो. झाडांवर कापड टाकून तुम्ही त्याला म्हणालात, बाग आत आहे, इसार दे, तर तो चहा पिऊन निघून जाईल. तुमच्याकडून मात्र आज नेमकं तेच मागितलं जातंय. त्या कापडाखाली किती वजनाची गाडी आहे, आत काय आहे, किंमत किती, आरटीओचं पासिंग झालंय की नाही, बिघडली तर अमरावतीत कोण दुरुस्त करणार की नागपूर-पुण्याला न्यावी लागणार, यातलं एकही तुम्हाला माहीत नाही. एजंटालाही माहीत नसावं. माहीत असतं तर त्यानं तेच सांगून तुम्हाला भुलवलं असतं, 'पहिल्या वीसा'चं गाजर दाखवलं नसतं.

माझ्या धाकट्या भावानं असाच एकदा शेतीच्या एका यंत्रासाठी आगाऊ पैसे भरले होते. यंत्र आलं सांगितल्यापेक्षा सात महिने उशिरा, किंमत वाढून, आणि हंगाम निघून गेल्यावर. पैसे परत मागायला गेला तेव्हा पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'परत मिळणार नाही' असं छापलेलं निघालं. पावतीवर कंपनीचं नावसुद्धा नव्हतं, एजंटाच्या दुकानाचा शिक्का होता. तो कागद आईनं कित्येक वर्षं देवघरातल्या डब्यात ठेवला होता. यातून मी शिकले ते तुम्हाला सांगते. पुढेमागे कुठेही पैसे भरायची वेळ आली तर पावती कंपनीच्या नावानं, पैसे कंपनीच्या खात्यात, किती दिवसांत परत मिळतील ते लिहिलेलं, आणि किंमत वाढली तर नाव मागे घेता येईल हेही लिहिलेलं. यातलं काही तोंडीच राहत असेल तर पैसे खिशातच राहू द्या. आणि भरल्यावर कुणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तो घरात सगळ्यांना माहीत असावा.

पहिल्या वीसात येण्याची तुम्हाला ओढ आहे, पण नव्या घडणीच्या गाडीत पहिल्या वीसात असणं हा मला मान वाटत नाही. कॅराव्हॅन ही चाकांवरची खोली आहे, आणि खोलीला सगळ्यात मोठा धोका पाण्याचा. छत आणि भिंतीचा सांधा, खिडकीची रबरं, छतावरची झडप, दिव्यांच्या वायरी बाहेर काढलेली भोकं. गाडी रस्त्यावर हादरते तसे हे सांधे सैलावतात आणि पाणी आत झिरपतं. ते लगेच दिसतही नाही. पॅनेलच्या आत लाकूड किंवा फोम भिजत राहतो, भिंत बोटानं दाबली की मऊ लागते तेव्हा उशीर झालेला असतो. परदेशात जुनी कॅराव्हॅन घेताना ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावून बघतात, ते याचसाठी. नव्या मालिकेच्या पहिल्या गाड्यांत असे दोष राहतात, कड्या नीट लागत नाहीत, फडताळाची दारं वाटेत उघडतात, मग पुढच्या लॉटमध्ये ते सुधारले जातात. कुणाच्या तरी दारात त्या गाडीला आपल्याकडचा एक पावसाळा काढू द्या. तो पावसाळा आणि एक उन्हाळा बघून घेतलेली गाडी तुम्हाला जास्त वर्षं साथ देईल.

उन्हाळ्याचंही सांगते, कारण तुमच्या पत्रात 'एसी असला की झालं' असं एक वाक्य आहे. तेवढ्यानं होत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. छतावरचा छोटा एसी हजारेक वॅट घेतो असं धरा. १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास, आणि साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हाताशी आले ९००. तासभर भरायच्या आत एसी बंद. रात्रभर गारवा हवा तर बाहेरची लाइन हवी, म्हणजे जिथे प्लग मिळेल तिथेच मुक्काम. राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्यात कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे, पण तुम्ही ज्या जागांची नावं लिहिली आहेत, सालबर्डी, सिंभोऱ्याचं धरण, मेळघाटाच्या कडा, तिथे प्लग कुठे मिळेल हे आधी स्वतः जाऊन विचारून यायला हवं. ही चौकशी आत्ता, वाट पाहण्याच्या दिवसांतच होऊ शकते, आणि तिला पैसे पडत नाहीत.

आता वजन. यात मला बाबांना ओढायचं आहे.

कॅराव्हॅनची दोन वजनं असतात. एक कारखान्यातून रिकामी निघते तेव्हाचं आणि दुसरं भरून जास्तीत जास्त किती होऊ द्यायचं ते. जाहिरातीत पहिलं मोठ्या अक्षरात असतं. दोन्हींतला फरक म्हणजे तुम्ही आत काय घेऊन जाऊ शकता. ब्रिटनमधल्या बऱ्याच कॅराव्हॅनमध्ये तो फरक दीडशे किलोच्या आसपासच असतो. ऐकायला पुष्कळ वाटतं. आता भरून बघा. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो. घरातला भरलेला गॅस सिलिंडर, आतला गॅस १४.२ किलो आणि लोखंडाचं वजन धरून तीसेक किलो, म्हणून पाच किलोवाला छोटा बरा. इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी एकटीच ५० किलोच्या वर. अजून गादी, भांडी, टेबल-खुर्च्या, बाहेर लावायचा मंडप आणि मुलीची सायकल राहिलीच आहे. दीडशे केव्हाच झाले.

तुमची बोलेरो किती ओढू शकते ते कंपनीला लेखी विचारा. ब्रिटनमध्ये नवख्या माणसाला सल्ला देतात की भरलेली कॅराव्हॅन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नसावी. गाडी १,६०० किलोची धरली तर १,३६० किलो. सपाट रस्त्यावर नवशिक्याला हे पुरेसं आहे. पण तुम्हाला चिखलदऱ्याचा घाट चढायचा आहे, हजार मीटरच्या वरची ती जागा, आणि चढण्यापेक्षा उतरताना मागचं वजन पुढच्या गाडीला ढकलतं. तिथे आकडा अजून खाली ठेवा.

आणि आत वजन कुठे ठेवायचं, याचं शास्त्र बाबांना तुम्हा आठ जणांपेक्षा जास्त येतं. बंडी भरताना मागे ओझं जास्त झालं की जू वर उठतं, बैलांचा गळफास आवळतो, बंडी उलाळ होते. पुढे जास्त झालं की धुरजड, बैलांच्या मानेवर सगळा भार. कॅराव्हॅनचं हेच आहे. हुकावर पडणारा भार भरलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के असावा असं मानतात, हजार किलोला पन्नास ते सत्तर किलो. त्याहून हलका राहिला, म्हणजे उलाळ झाली, तर वेगात मागची खोली डावी-उजवी झुलायला लागते आणि पुढची गाडीही बरोबर नेते. बाबांनी चाळीस वर्षं बंडी भरली असेल. त्यांच्या हातांना जे कळतं ते पुस्तकात टक्क्यांत लिहिलेलं असतं, एवढाच फरक. त्यांना शेजारी बसवा आणि हे टक्के सांगा. बैलजोडी गेल्यापासून त्यांना कुणी बंडीतलं विचारलं नसेल. 'घरच गाडीले बांधाची काय हौस' या वाक्यात मला राग कमी आणि बाहेर राहून गेल्याची सल जास्त ऐकू येते.

मोजण्यासारखं घरीही पुष्कळ आहे. परदेशी कॅराव्हॅन सव्वासात-साडेसात फूट रुंद असतात. तुमच्या फाटकाची रुंदी किती? पांदणीतल्या त्या वळणावर साडेबारा फुटांची पेटी आणि पुढे बोलेरो, एवढं लांबडं वळतं का? काळ्या मातीत जुलैत ट्रॅक्टर फसतो तिथे ती कुठे उभी राहील? गोठ्याच्या पत्र्याखाली जाईल की उन्हात तापेल? खांबावरची सर्व्हिस वायर किती उंच आहे? एखाद्या रविवारी आठ जण टेप घेऊन एकेकाच्या घरी फिरा. चुन्यानं जमिनीवर साडेबारा बाय साडेसात फुटांचा चौकोन आखा आणि आत सगळे जण उभे राहा. फोटोवरच्या दहा रात्रींपेक्षा तो चौकोन जास्त सांगेल, आणि मजाही तेवढीच येईल.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या चार पानांत वहिनी तीन ठिकाणी आहेत. एकदा, लग्नाला नऊ वर्षं झाली. एकदा, त्या आठ दिवसांपासून कामापुरतंच बोलतात. आणि मधे एक ओळ, 'त्यानंतर बायको परत आली नाही.' ही ओळ तुम्ही लिहिली आणि पुढच्याच ओळीत नव्या मालिकेवर गेलात. मी मात्र तिथेच थांबले. का आली नाही? चिखलदऱ्याच्या त्या रात्री काय झालं? तुम्ही विचारलं होतं का?

मला माहीत नाही ते मी सांगणार नाही. पण मी बाई आहे आणि ओम्नी आतून पाहिलेली आहे. रात्री कुठे जायचं, हा प्रश्न तुम्हाला पडला नसेल कारण तुम्ही गाडीमागे जाऊन येता. तिला अंधारात टॉर्च धरून अनोळखी जागी जावं लागतं, किंवा मग ती संध्याकाळी सहापासून पाणीच पीत नाही. कपडे बदलायला उभं राहता येत नाही, खिडक्यांना पडदे नाहीत. सकाळी बाहेर चार माणसं चहा पीत उभी असतात. तुम्ही सूर्योदयाचा फोटो काढला असेल, तो पत्राबरोबर पाठवलाही आहे, सुरेख आहे. त्या फोटोत त्या नाहीत.

तुमच्या मित्रांना नव्या मालिकेत छतावर काय आहे ते हवंय. मी असते तर कापडाखाली एकच गोष्ट शोधली असती, दार लागणारं संडास-बाथरूम आहे की नाही. ओढायच्या कॅराव्हॅनमध्ये बहुधा कॅसेट टॉयलेट असतं. खाली पंधरा-वीस लिटरची टाकी, बाहेरच्या छोट्या दारातून पेटीसारखी ओढून काढायची आणि योग्य जागी रिकामी करायची. तिघांच्या घरात दोन-तीन दिवसांत भरते. ती रिकामी कोण करणार हे आधी ठरवा, आणि माझं मत विचाराल तर तुम्ही.

तुम्हाला कॅराव्हॅनचा इतिहास आवडतो असं लिहिलंय, म्हणून एक गोष्ट. १९३१ साली दक्षिण जर्मनीत इस्नी या गावी आरिस्ट डेथलेफ्स नावाचा माणूस होता. चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवण्याचा त्याचा धंदा, मालाच्या विक्रीसाठी आठवडेच्या आठवडे फिरती. त्याची जोडीदार फ्रिडेल चित्रकार होती. तो फिरतीवर आणि ती घरी, हे तिला नको होतं, बरोबर जाता यावं आणि वाटेत चित्रं काढता यावीत असं काहीतरी हवं होतं. तेव्हा त्यानं गाडीमागे ओढायची खोली बांधली आणि तिला 'राहण्याची गाडी' अशा अर्थाचं नाव दिलं. जर्मनीतल्या कॅराव्हॅनच्या धंद्याची सुरुवात तिथून मानतात, आणि त्या नावानं आजही कॅराव्हॅन बनतात. चाबूक बनवणाऱ्याच्या घरात हे घडलं, तेही ती मागे राहू नये म्हणून.

म्हणून ओम्नी विकू नका. या दोन महिन्यांत तिचा भाव किती पडायचा तो पडो, तुमच्याकडे करून बघायला असलेली ती एकच गाडी आहे. येत्या शनिवारी ती बाहेरगावी नेऊ नका, तुमच्याच बागेत धुऱ्यावर लावा. जागलीला गेलेल्या माणसाला बागेतली रात्र नवी नाही, पण वहिनी कधी गेल्या असतील असं वाटत नाही. मुलीलाही न्या. घर हाकेवर आहे, कुणाला काही लागलं तर पाच मिनिटांत घरी. मोबाइल बाबांकडे देऊन जा. जेवण झाल्यावर वहिनींना एकच विचारा, यात राहायचं तर तुला काय काय लागेल. आणि वहीत लिहून घ्या. मधे बोलू नका, हे महाग पडेल म्हणू नका, असं मिळत नाही म्हणू नका. पडदा म्हणतील, आरसा म्हणतील, उभं राहता येईल एवढी उंची म्हणतील, मुलीला वेगळी झोपायची जागा म्हणतील. कदाचित म्हणतील की मला यायचंच नाही. तेही लिहा. दिवाळीनंतर कापड उठेल तेव्हा त्या वहीतलं पान घेऊन जा, दोघांनी मिळून. आत शिरल्यावर फोटो काढत बसू नका. दोघं पलंगावर आडवे व्हा, बाथरूमचं दार आतून लावून वहिनींना आत उभं राहू द्या, शेगडीसमोर त्यांना उभं करा आणि मुलीला मधून जाता येतं का बघा. मग वजनाची पाटी वाचा, पासिंगचे कागद मागा, परत या. त्या दिवशीही पैसे भरायचे नाहीत.

मोटरचे पैसे मोटरलाच जाऊ द्या. आंबियाचा सौदा झाला, हातात काय पडलं ते कळलं, की कॅराव्हॅनचं वेगळं खातं काढा, त्याची माहिती घरात सगळ्यांना असू द्या.

मित्रांशी बोलणं तोडू नका, पण बारा-एक वाजेपर्यंत नको. आठ दिवसांचा अबोला त्या फोनमुळेही असेल, फक्त पैशामुळे नाही. शेजारच्या अंथरुणावरून रोज दोन-अडीच तास 'सावली बघ, सावली' ऐकणं सोपं नाही.

आणि डिसेंबरात बहिरम आहे. आठ जणांची आठ घरं एकत्र मुक्कामाला जा, ओम्नी आणि दोन राहुट्या घेऊन. बाबांना आधी कळवा, राहुटीचं कापड अजून घरात कुठे असलं तर त्यांनाच ठाऊक असेल. भोकं आत्ताच शोधायला लागतील.

पुढचं पत्र मात्र मला वहिनींच्या अक्षरातलं हवंय. वहीतलं ते पान त्यांनाच उतरवून पाठवू द्या.

— तुमची ताई